फळी

कुपवाड फाट्यावर आईच्या चहाच्या गाड्याला खेटून
दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज.
वर पत्रा, मध्ये तीन पाइपांचा घोडा, घोड्याला चेनपुली,
आणि खाली तोंड उघडून बसलेला
समडोळीच्या आदगोंडांचा ट्रक.

त्याचं मूळ इंजिन हळदीची पोती घेऊन
खंबाटकी चढताना गेलं होतं,
रॉड ब्लॉक फोडून बाहेर.
हे सांगताना आदगोंडा आवाज उतरवायचे,
भावकीतलं कुणी गेल्यासारखा.

नवं म्हणजे जुनंच. मिरजेच्या भंगारातलं,
चार वर्षं ताडपत्रीखाली झोपलेलं.
तीन दिवस मिस्त्री ते गिअरबॉक्सला जुळवत होता.
साखळी एक कडी खाली, अर्धी वर,
स्वतः पोटाखाली उताणा,
"जरा... जरा... अगं जरा... बास."
शाफ्ट क्लचप्लेटीत शिरला तेव्हा आवाज झाला नाही.
नीट बसलं की आवाज होत नाही, म्हणाला.

चौथ्या दिवशी मी चहा घेऊन गेले.
चाकांना दगड लावलेले, गिअर न्यूट्रलला,
पंख्यासमोरची माणसं त्यानं बाजूला हाकललेली.
स्टॉपर ओढून धरून नुसता सेल्फ मारत होता,
थांबत होता, परत मारत होता,
डोळे ऑइलच्या काट्यावर.
"उपाशी पोटी पळवायचं न्हाई कुणाला.
आधी तेल फिरू दे अंगात."
मग नोझलच्या नळ्या सैल करून हवा काढली,
फेस गेला, धार आली, नळ्या आवळल्या.

"छबे, कप ठेव तिथं. ओढणी आईकडं टाकून ये. ही धर."

सागाची फळी, हातभर,
एका बाजूला ट्यूबचं रबर ठोकलेलं.
एअर क्लीनर काढलेला,
इंजिनाचं श्वास घ्यायचं तोंड उघडं, माझ्या छातीएवढ्या उंचीवर.
"पळाय लागलं की ह्यावर दाबायची.
हात न्हाई. चिंधी न्हाई. फळी."
पळाय लागलं म्हणजे?
"म्हणजे किल्ली घेऊन तू गावाला गेलीस
तरी ते थांबत न्हाई."

आधी खोकलं.
मग लागलं, सगळे हसले,
मग वर गेलं, आणखी वर,
पत्रा बोलायला लागला, पान्हे टेबलावरून चालायला लागले,
आदगोंडा एक चप्पल टाकून रस्त्यापलीकडं.
मिस्त्रीनं स्टॉपर ओढला. ओढलेलाच राहिला हातात,
काही फरक नाही.
तो ओरडला नाही. माझ्याकडं बघितलं.

फळी मी लावली असं सगळे सांगतात.
मला आठवतं ते एवढंच
की त्या तोंडानं ती माझ्याकडून हिसकून घेतली
आणि मी मागून तिला लोंबकळले.

गुदमरलं. दोन हिसके दिले. थांबलं.
धूर आमच्यामधून वाट काढत
रस्त्याकडं गेला, घाई नसल्यासारखा.
कपातला चहा हादऱ्यानं सगळा बशीत आला होता.
मिस्त्रीनं बशीतलाच प्यायला
आणि पंप खोलायला बसला.
आत रॅक चिकटलेला,
चार वर्षांचं डिझेल काकवीसारखं.
"हे आधी बघायचं होतं," तो पंपाला म्हणाला.
मला काहीच म्हणाला नाही.

सांजच्याला परत सुरू केलं.
परत मला फळी दिली.
ते मऊ चाललं, जातं चालावं तसं,
आणि मी अर्धा तास रिकामी उभी.

आता केबिनमध्ये किल्ली माझ्या हातात असते.
फळी तीच. तिच्या रबरावर गोल वण आहे,
बांगडीएवढा, काळा.
परवा सुदर्शन म्हणून नवीन पोरगं आलंय बेडगचं,
त्यानं विचारलं, मावशी, ही किती वेळा लागली?
एकदा.
पस्तीस वर्षांत?
एकदा.
हसला, आणि फळी गुडघ्याला टेकवून
मोबाइल काढला.

मी किल्लीवरचा हात काढला.
काच खाली केली.
बसून राहिले, तो वर बघेपर्यंत.